भिंगरी बाकावरून किती वेळा उठली

माझी भाची भिंगरी एका जागी बसू शकत नाही, ही बातमी आमच्या घराला जुनी होती. शाळेला ती तिसरीत कळली.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ताई आणि भावोजींना बोलावून घेतलं तेव्हा मीही मागोमाग गेले. माझा पदवीचा निकाल लागला होता, नोकरीचं पत्र यायचं होतं आणि तोवर मी ताईच्या घरी राहून सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसत होते. मोठ्या बाईंचं म्हणणं थोडक्यात असं : मुलगी हुशार आहे, पण वर्गात टिकत नाही. पेन्सिलीला टोक करायला उठते, केलेलं टोक दाखवायला उठते, मग दुसऱ्यांच्या पेन्सिलींना टोक आहे का ते तपासायला उठते. प्रश्न अर्धा ऐकते आणि उत्तर दीडपट देते. सहामाही परीक्षेला पाच आठवडे आहेत. तोवर फरक पडला नाही, तर तिला उरलेलं वर्ष दुसरीत बसवावं, तिथे मुलांना मधूनमधून उठायची मुभा असते, असं त्यांनी सुचवलं. ही सूचना हिरव्या शाईने लिहून झालेली होती, हे भावोजींनी बाहेर आल्यावर लक्षात आणून दिलं.

दुसरीत भिंगरीची धाकटी बहीण होती. हिला घरात गोगलगाय म्हणतात. गोगलगाय नि पोटात पाय ही म्हण हिच्यासाठीच झाली असावी. फक्त हिचे पाय नेमके कुठे आहेत ते आम्हाला अजून सापडलेले नाहीत. त्याच संध्याकाळी तिने आईला अत्यंत समजूतदार चेहऱ्याने सांगितलं की माझ्या बाकावर जागा आहे, आणि भिंगरीला पाढे अडले तर मी सांगेन.

भिंगरी हे ऐकून गप्प बसली. जवळजवळ चार मिनिटं बसली. मी घड्याळ बघितलं होतं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, तिच्या वर्गात गेले ना, तर ती रोज सगळ्यांना सांगेल, ही माझी मोठी बहीण. रोज. मला शाळाच नको मग."

तिचा हात नाकाकडे गेला आणि तळव्याने तिने नाक खालून वर घासलं. हे ती दिवसातून इतक्या वेळा करायची की आम्हाला ते दिसेनासं झालं होतं.

दिसलं ते डॉक्टरीणबाईंना. ताई दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, तिथल्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या ॲलर्जी बघणाऱ्या या बाईंचं नाव सुचवलं होतं. त्यांनी बॅटरी लावून भिंगरीचं नाक बघितलं, कोपरांच्या खळीतली खरखरीत, ओरबाडलेली कातडी बघितली, आणि मग नाकाच्या शेंड्याच्या जरा वर असलेली आडवी रेघ बोटाने दाखवून विचारलं, "हा सलाम किती वर्षांचा?" तळव्याने नाक खालून वर घासण्याला डॉक्टर लोक सलाम म्हणतात, आणि तो सारखा केला की अशी रेघ पडते म्हणे. आम्ही समजत होतो की ती आत्याच्या वळणावर गेली आहे.

ताईने शाळेचं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नाकाची, कातडीची ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये लक्ष न लागणं आणि स्थिर न बसणं जास्त वेळा आढळतं, हे खरं. पण एकामुळे दुसरं होतं का, किती होतं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. काही मुलांत दोन्ही वेगवेगळं असतं आणि दोन्हीकडे बघावं लागतं.

"तरी एक करून बघा," त्या भावोजींना म्हणाल्या. "अंगाला खाज सुटलीय, नाक चोंदलंय, झोप अर्धवट झालीय. अशा वेळी तेराचा पाढा म्हणून दाखवा."

"मला धडधाकट असतानाही येत नाही," भावोजी म्हणाले.

त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला. दुकानातून आणलेलं आधीचं औषध बंद करायला सांगितलं, कारण त्याने गुंगी येत होती आणि गुंगलेलं मूलही वर्गात लक्ष देत नाही. आधी नाक आणि कातडी शांत होऊ दे, मग काय उरतं ते बघू, तोवर पोरीच्या कपाळावर कुठलीच चिठ्ठी चिकटवू नका, असं बजावलं. आणि धुळीपासून लांब ठेवा, म्हणाल्या.

धूळ म्हटल्याबरोबर आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी भावोजींकडे बघितलं.

भावोजी जुने सोफे दुरुस्त करतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. तिथे कायम दोन-तीन सोफे पोट फाडून पडलेले असतात. कुणाचा काथ्या बाहेर आलेला, कुणाची स्प्रिंग. वीस वर्षांपूर्वीचा कापूस उपसला की त्यातून जे उडतं त्याला नुसती धूळ म्हणणं हा धुळीचा अपमान आहे. मी त्याच दिवशी जाहीर केलं की गुन्हेगार सापडला. पण नुसतं म्हणून भागणार नव्हतं, मोजायला हवं होतं. म्हणून मी एक तक्ता केला. दिवसाचे सहा तास, सहा चौकटी. भिंगरी न विचारता बाकावरून उठली की त्या तासाच्या चौकटीत एक उभी रेघ.

हा तक्ता भरायला मी तिच्या वर्गशिक्षिका बाईंना दिला. बाई पट्टीशिवाय रेघ न मारणाऱ्यांपैकी. त्यांनी माझा तक्ता नाकासमोर धरून बघितला, चौकटी तिरक्या असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आखलेला नवा कागद आणला. त्यात शेवटी शेऱ्याचा एक रकानाही होता. "केव्हाच मला हे कुणीतरी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थकवा आणि समाधान दोन्ही होतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही फवाऱ्याखेरीज काहीच बदललं नाही. रोजची सरासरी पंचवीस निघाली. रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून भावोजींचं दुकान मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. चार सोफे, दोन गठ्ठे फोम, कापडाची ठाणं, खिळ्यांचे डबे. भावोजींनी एकाही वस्तूला हात लावताना तोंड उघडलं नाही, आणि नंतर जेवतानाच तेवढं उघडलं. मी पुढची खोली ओल्या फडक्याने तीनदा पुसली. पोरींच्या एकावर एक असलेल्या दोन पलंगांच्या चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यातून काढले.

दुसऱ्या आठवड्याची सरासरी आली चोवीस.

"म्हणजे पोरगी एकदा कमी उठावी म्हणून माझे चार सोफे उठवले," भावोजी म्हणाले. "मेव्हणीबाई, पुढच्या वेळी छप्पर हलवा. अर्धं उठणं तरी कमी होईल."

मी म्हटलं की घरात फायदा झालाय, सकाळी तिचं नाक मोकळं असतं, झोपेत घोरत नाही. भावोजींना हे मान्य नव्हतं, कारण झोपेत कोण घोरतं हे कळण्याइतके ते स्वतःच कधी शांत झोपलेले नाहीत. ताईने बाकी खूण केली की फरक आहे. पण शाळेतले आकडे हलत नव्हते, आणि दुसरीत जायचं की तिसरीत राहायचं हे शाळेतल्या आकड्यांवर ठरणार होतं. तीन आठवडे उरले होते. गोगलगायीने आपल्या बाकावरची दप्तराची जागा बदलून बघितली होती.

तेव्हा कुठे मला अक्कल आली की मी दिवसाची बेरीज बघत होते, चौकटी बघितल्याच नव्हत्या. त्या पसरून बसले. पंचवीस उठण्यांपैकी जवळपास सतरा दोनच तासांत होती : पहिल्या आणि चौथ्या. गणित असो की भाषा, विषय बदलला तरी पहिला आणि चौथा. मधल्या तासांत पोरगी बऱ्यापैकी माणसात. पहिल्या तासाच्या आधी शाळा भरते आणि चौथ्याच्या आधी मधली सुट्टी असते, तर या दोन्ही वेळी काय होत होतं? भिंगरीला विचारलं तर ती म्हणाली, काही नाही, मी माझं काम करते.

मोठ्या बाईंची परवानगी काढून मी एक दिवस तिसरीच्या शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकाची उंची आठ वर्षांच्या माणसासाठी असल्यामुळे माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

घंटेच्या आधी दहा मिनिटं भिंगरी वर्गात आली, दप्तर फेकलं, फळ्याखालचे दोन्ही डस्टर उचलले आणि व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे गेली. मी खिडकीतून बघत होते. तिने दोन पाय फाकवून पवित्रा घेतला आणि ते डस्टर एकमेकांवर असे आपटले की लग्नाच्या बँडमधल्या झांजवाल्याने शिष्यत्व पत्करावं. खडूचा पांढरा ढग उठला. त्यात ती दिसेनाशी झाली. ढगातून फक्त आपटण्याचा आवाज आणि आनंदाचा एक चीत्कार येत होता. परत आली ती भुवयांपर्यंत पांढरी, मग दाराशी बाहीने तोंड पुसून आत शिरली.

पहिल्या तासात मी चौदा शिंका मोजल्या. नाक पुसायला रुमाल आणायला उठली. मान खाजवत पाणी प्यायला उठली. डोळे चोळून चोळून धुवायला उठली. एकदा खिडकीशी गेली ते कशासाठी हे तिलाही सांगता आलं नाही. दुसऱ्या तासापर्यंत ओसरलं. मधल्या सुट्टीत पुन्हा डस्टर, पुन्हा ढग, आणि चौथ्या तासाला पुन्हा तोच कार्यक्रम.

बाईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी अभिमानाने सांगितलं की ही त्यांचीच युक्ती. पोरीच्या अंगात एवढा वारा आहे तर त्याला काहीतरी काम द्यावं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला सकाळचे डस्टर तिच्याकडे दिले. तेवढ्याने भागेना, उलट जास्तच उठायला लागली, म्हणून मग मधल्या सुट्टीतलेही दिले.

म्हणजे जितकी उठेल तितके डस्टर आणि जितके डस्टर तितकी उठेल. हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. एक तर सोफ्यांच्या बाबतीत मी असंच तोंडावर आपटले होते. दुसरं असं की उठणी मोजणार होत्या बाईच. डस्टर बंद केलेत हे त्यांना कळलं, तर त्यांची नजर बदलणार; मोजणाऱ्याला काय बदललंय ते माहीत असलं की रेघा आपोआप हव्या तशा पडतात. म्हणून त्यांना न सांगता करायचं, असं मी ठरवलं. आता मागे वळून बघताना यात हुशारीइतकाच आगाऊपणा होता हे मला दिसतं.

बेत असा होता. रोज सकाळी फाटकाशी मी नाणं उडवायचं. छापा आला तर त्या दिवशीचे डस्टर भिंगरीने झटकायचे. काटा आला तर टाकीमागे गोगलगायीने झटकायचे आणि भिंगरीने दहा पावलं लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहायचं. मग डस्टर हातात घेऊन वर्गात शिरायचं. बाईंना दोन्ही दिवस सारखेच दिसणार. दोन आठवडे, दहा दिवस.

ताई म्हणाली, "माझ्या पोरीला मुद्दाम शिंका आणायच्या? हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

मी म्हटलं की आत्ता ती रोज दोनदा ढगात जातेच आहे. नाण्यामुळे निम्मे दिवस तरी वाचेल. ताईने अट घातली की फवारा एक दिवसही चुकणार नाही, श्वास जरा जरी लागला तरी खेळ तिथेच बंद, आणि दोन आठवड्यांनंतर काहीही निघो, डस्टर कायमचे बंद. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. कायमचे बंद आजच का नाही, असं त्यांनी विचारलं. मी कारण सांगितल्यावर ताईच्याच अटी त्यांनी पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेतल्या.

गोगलगायीला फक्त घरातल्यांचं लक्ष वेधायचं असतानाच शिंक येते, त्यामुळे तिची काळजी नव्हती. तिची किंमत तेवढी होती. ज्या दिवशी डस्टर झटकेन त्या दिवशी रात्री वरच्या पलंगावर मी झोपणार, असं तिने डोळे मिटून, अत्यंत शांतपणे सांगितलं. वरचा पलंग भिंगरीचा होता आणि गेली दोन वर्षं तो मिळवण्याचे सगळे सनदशीर मार्ग हिने वापरून झाले होते. बाबांचा कामाचा जुना ॲप्रन मिळेल का, एवढी दुसरी मागणी. तो मिळाला, घोट्यांपर्यंत आला.

खरा विरोध भिंगरीचा.

"डस्टर माझे आहेत," ती म्हणाली. "वर्गात बाकी सगळं मला कुणीतरी करू नको म्हणतं. हे एकच कर म्हणतात."

मी तिला सांगितलं की काय करायचं ते तूच ठरव, पण दुसरीत डस्टरचं काम कुणाकडे आहे ते आधी विचारून ये. ती विचारून आली. दुसरीत ते काम गोगलगायीकडे होतं. भिंगरी नाण्याला तयार झाली.

दहा दिवस मी रोज फाटकाशी नाणं उडवलं. रस्त्याने जाणारे लोक बघायचे की एक घोडी झालेली बाई आणि दोन शाळकरी पोरी सकाळी सकाळी जुगार खेळताहेत. बाईंना कशाचाही पत्ता लागला नाही. त्या रोज संध्याकाळी मला तक्ता दाखवायच्या, मी चेहरा कोरा ठेवायचे, आणि छापा की काटा हे माझ्या वहीत वेगळं लिहायचे.

काट्याचे सहा दिवस आले, छाप्याचे चार. छाप्याच्या दिवशी उठणी चोवीस, सत्तावीस, बावीस, पंचवीस. काट्याच्या दिवशी अकरा, नऊ, बारा, दहा. आणि तेवीस. आणि सव्वीस.

त्या शेवटच्या दोन आकड्यांनी माझी झोप उडाली. पहिल्या आठवड्यातला बुधवार आणि दुसऱ्यातला मंगळवार. दोन्ही दिवशी काटा, दोन्ही दिवशी फवारा वेळेवर, दोन्ही रात्री झोप चांगली, आणि पोरगी मात्र छाप्यासारखी वागलेली.

सोमवारी मोठ्या बाईंना आकडे दाखवायला शाळेत जाताना ताई माझ्या कानाशी लागली. "ते दोन दिवस वगळ ना. कोण बघतंय? आठच दिवस केलं म्हणून सांग."

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. ते दोन आकडे खोडले की चित्र स्वच्छ होत होतं, आणि भिंगरी आमच्या पुढे एका पायावर लंगडी घालत चालली होती. पण मी ताईला म्हटलं की नको असलेले आकडे वगळायचे तर मग मोजलं कशाला. ताई म्हणाली, "तुझ्या खरेपणापायी माझी पोर दुसरीत बसणार," आणि भिंगरीला गाठायला भराभर पुढे गेली.

मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही तिघं, बाई, आणि दाराशी भिंगरी. तिला खुर्ची दिली होती. ती खुर्चीच्या मागे, बाजूला, एकदा खाली, अशी आळीपाळीने होती. बाईंनी आपले तक्ते टेबलावर सारखे करून ठेवले. मग मी माझी वही उघडली आणि नाण्याचं सगळं सांगून टाकलं.

बाईंचे कान लाल होत गेले. मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे दोन आठवडे तुम्ही माझ्या शिक्षिकेला फसवत होतात."

"हो," मी म्हटलं. भावोजींना खोकला आला.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बोट फिरवत वाचले. मोठ्या बाई पूर्वी गणित शिकवायच्या. बोट दोन ठिकाणी थांबलं, हे अपेक्षितच होतं.

"हे दोन कसे?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "कारण सापडलं नाही."

"सहापैकी दोन म्हणजे तिसरा हिस्सा झाला," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या हिश्श्याचं कारण माहीत नाही, आणि मी यावरून निर्णय फिरवायचा?" त्यांनी खणातून एक छापील कागद काढला आणि हिरव्या पेनाचं टोपण उघडलं. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"ते दोन दिवस मीच झटकले," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी मान वळवली. भिंगरी खुर्चीच्या पाठीवर पोट टेकून लोंबकळत होती.

"काटा होता ना?" मी विचारलं.

"होता. पण ऊन होतं." तिने हे असं सांगितलं की याहून जास्त काय सांगायचं. मग आमचे चेहरे बघून पुढे म्हणाली, "टाकीमागे तिरकं ऊन येतं. त्यात पावडर चमकते. सगळीकडे. मी आत उभी राहते ना, तेव्हा मला चमचम दिसते. मला राहवलं नाही."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं नाही. आता आकडे वाईट आलेत हे ऐकून कुणीही असं म्हणेल, असं त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, आणि भिंगरीला विचारलं, "कोणते दोन दिवस?" तक्ता तिच्यापासून लांब, टेबलावर उलट्या बाजूला होता. दिवस कुणी उच्चारले नव्हते.

"एक बुधवार. मग नंतरचा मंगळवार."

मोठ्या बाईंनी कागदावर बघितलं. त्यांना अजूनही पुरेसं वाटलं नाही, आणि खरं तर मलाही वाटलं नसतं. त्यांनी भिंगरीला व्हरांड्यात पाठवलं आणि शिपायाकरवी दुसरीतून गोगलगायीला बोलावलं. ती हात मागे बांधून, नजर खाली ठेवून उभी राहिली. तिच्याकडे बघून वाटलं असतं की खडू म्हणजे काय हे तिला आत्ताच पहिल्यांदा सांगावं लागेल.

"काटा आला तरी तुला डस्टर झटकायला बोलावलं नाही, असं कधी झालं का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मला शिक्षा होईल का?"

"नाही."

"लिहून देता?"

भावोजी छताकडे बघू लागले. मोठ्या बाईंनी नुसतं बघितलं, तेव्हा तिने आवरतं घेतलं. "दोनदा. बुधवारी आणि पुढच्या मंगळवारी. भिंगरी म्हणाली, तू जा, मी करते. मी आईला सांगितलं होतं की हे बरोबर नाही."

"तू मला सांगितलंस की तुला वरच्या पलंगावर झोपायचंय," ताई म्हणाली.

"तेच ते. नियम काट्याचा होता. काटा आला होता. तरी त्या दोन्ही रात्री भिंगरीने मला खाली झोपवलं."

ताईला आठवलं, बुधवारी रात्री हिने जेवताना एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं आणि कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी पुढे होऊन ते दोन आकडे काट्याच्या रांगेतून काढून छाप्याच्या रांगेत लिहिले. मोठ्या बाईंनी स्वतः बेरीज केली. ढगात गेलेले सहा दिवस, सरासरी साडेचोवीस. ढगाबाहेरचे चार, सरासरी साडेदहा. त्यांनी भागाकार दोनदा तपासला.

"आणि हे साडेदहा? हे तरी का?"

मी म्हटलं की ते बहुधा तिचं स्वतःचं आहे. कदाचित आणखी कशाचं. डॉक्टरीणबाई दोन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत, तेव्हा उरलेल्याचं काय करायचं ते कळेल. दहा दिवसांवरून मला याहून जास्त सांगता येणार नाही.

"सहा," बाई म्हणाल्या. या सगळ्या वेळात त्या पहिल्यांदा बोलत होत्या.

त्यांनी आपल्या तक्त्यावरचा शेऱ्याचा रकाना दाखवला. मी रोज तो तक्ता बघत होते, पण त्या रकान्यातल्या बारीक आकड्यांना मी तारखा समजत होते. बाई दहाही दिवस पहिल्या बाकावरच्या, वर्गातल्या सगळ्यात शांत मुलीची उठणीही मोजत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. "एकीचंच मोजून काय कळणार," त्या म्हणाल्या. "शांत मुलगी सहा वेळा उठते. ही साडेदहा. मग ते काही आभाळ कोसळण्यासारखं नाही."

मोजायचं तर तुलनेला दुसरं कुणी हवं, ही मला कॉलेजात शिकवलेली पहिली गोष्ट मीच विसरले होते, आणि ज्या बाईंना मी अंधारात ठेवलं त्यांनी ती करून ठेवली होती. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

मोठ्या बाईंनी छापील कागद खणात परत ठेवला. भिंगरी तिसरीतच राहील. वर्षअखेरपर्यंत तक्ता चालू राहील, पण नाणं उडवलं जाणार नाही. आणि कुठल्याही वर्गातले डस्टर यापुढे कुठलंही मूल झटकणार नाही, फळा ओल्या फडक्याने पुसला जाईल. हे ऐकून गोगलगायीचा चेहरा प्रथमच खराखुरा पडला. तिचंही काम गेलं होतं, आणि आपल्या शेजारी बसणारी मोठी बहीणही.

भिंगरीला आत बोलावून सांगितलं. तिने आधी एवढंच विचारलं की फडकं कोण धरणार. बाई म्हणाल्या, तूच. मग ती दोन-तीन सेकंद जागेवर उभी राहिली, आणि गेली.

व्हरांड्यात मी बाईंबरोबर चालत होते. माफी मागायची होती, पण वाक्य जुळत नव्हतं. त्याच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी आकडे बदलले असते असं वाटलं तुम्हाला?"

"मुद्दाम नाही. पण डस्टर बंद आहेत हे माहीत असतं तर नकळत कमी मोजलं गेलं असतं."

बाईंनी चालता चालता विचार केला. त्यांना खोटं बोलता येत नसावं.

"कमी नाही," त्या म्हणाल्या. "जास्त. युक्ती माझी होती, ती खरी ठरायला हवी होती."

तेवढ्यात तिसरीतून एकच गलका उठला. आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा भिंगरी खुर्चीवर चढून, दोन्ही हातांनी, पाणी निथळणाऱ्या फडक्याने फळा पुसत होती. बाईंनी जाताना फळ्यावर पाच गणितं लिहून दिली होती. निम्मा वर्ग तिसऱ्यापर्यंत आला होता, शांत मुलगी चौथ्यावर होती, आणि पाचही गणितं पुसली जाऊन फळ्यावर आता फक्त पाचव्याचं उत्तर काढण्यासाठी सोडलेली रिकामी जागा उरली होती.